हायडेलबर्गचा किल्ला आणि जुना पूल पाहून झाले. आता आई-वडिलांना काय दाखवावे?

गोरजवेळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी गेली चार वर्षे जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या दक्षिणेकडील वाल्डॉर्फ या गावी नोकरीनिमित्त राहतो. मे महिन्याच्या मध्यापासून तीन आठवडे माझे आई-वडील फलटणहून आमच्याकडे येत आहेत. त्यांची ही दुसरी खेप आहे. मागच्या खेपेला किल्ला, त्याच्या तळघरातले दोन लाख लिटरांहून मोठे मद्याचे पिंप, जुना पूल, पुलाच्या तोंडाशी बसवलेले ब्राँझचे माकड आणि मुख्य रस्त्यावरची दुकाने हे सारे आम्ही दोन दिवसांत उरकले होते. परतीच्या गाडीत वडिलांनी शांतपणे विचारले, "इथले विद्यापीठ १३८६ सालचे आहे असे तू सांगत होतास, मग मधली सहाशे वर्षे कुठे होती?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी स्वतः पाहुणे आले की त्यांना त्याच चार ठिकाणी फिरवून आणतो.

वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. वय बहात्तर, गड चढण्याची हौस अजून पुरेपूर आहे, मात्र उजवा गुडघा कुरकुरतो आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास देतो. आईला झाडे, बागा आणि शिवण-भरतकाम यांत रस आहे; काचेच्या कपाटांपुढे ती पंधरा मिनिटांत कंटाळते. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे रेल्वे, बस आणि पाय एवढ्यावरच भागवायचे आहे. शहरातली आणि आसपासची, पर्यटकांच्या यादीत सहसा नसलेली ठिकाणे जाणकारांनी सुचवावीत, ही विनंती.

नेकारकाठ

आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. हायडेलबर्गला येणारा बहुतेक पाहुणा नेकार नदीच्या दक्षिण काठावरच फिरतो आणि पूल अर्धा ओलांडून, किल्ल्याचे छायाचित्र घेऊन मागे वळतो. माझे मत असे की या खेपेला पूल पूर्ण ओलांडावा, कारण या शहराची सर्वांत जुनी वस्ती उत्तर काठावरच्या डोंगरावर होती.

त्या डोंगराचे नाव हायलिगेनबर्ग, म्हणजे 'पवित्र डोंगर', आणि त्याची उंची सुमारे ४४० मीटर आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास केल्ट लोकांनी येथे वस्ती करून डोंगराभोवती दुहेरी तटबंदी घातली. त्या तटाचे आज लांबच लांब दगडी ढिगारे झाले आहेत. सांगितले नाही तर माणूस त्यांना दरड समजून पुढे जातो. रोमन आले तेव्हा त्यांनी माथ्यावर मर्क्युरी या देवाचे मंदिर बांधले, आणि पुढे नवव्या शतकात लॉर्श येथील मठाने त्याच जागी संत मायकेलचे चर्च उभारले. एका दैवताच्या जागी दुसरे दैवत येऊन बसण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या डोंगरमाथ्यांवर वावरलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आज तेथे अकराव्या शतकातल्या मठाच्या भिंती, तळघर आणि बुरूज उघड्यावर उभे आहेत. जवळच्या दुसऱ्या, संत स्टीफनच्या मठाचे दगड वापरून १८८५ मध्ये एक निरीक्षण-बुरूज बांधला गेला, त्यावरून जुने शहर थेट पायाखाली दिसते.

दोन मठांच्या वाटेवर 'हायडनलोख' नावाचे, डोंगराच्या पोटात सरळ उतरणारे सुमारे पंचावन्न मीटर खोल विवर आहे. पाण्याची विहीर म्हणावी तर डोंगराच्या माथ्यावर इतके खोल कोणी आणि कधी खणले, यावर अभ्यासकांचे अजून एकमत झालेले नाही.

आता एक अप्रिय जागा. मठाच्या खालच्या उतारावर झाडीत एक भव्य दगडी प्रेक्षागृह आहे, त्याला 'टिंगश्टेटे' म्हणतात. नाझी राजवटीने ते बांधून घेतले आणि जून १९३५ मध्ये गोबेल्सच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आठ हजार माणसे बसतील एवढ्या पायऱ्या आहेत. प्राचीन ग्रीक नाट्यगृहाचा आव आणून सामुदायिक प्रचारनाट्ये करण्याची ती कल्पना राजवटीने स्वतःच एक-दोन वर्षांत गुंडाळली. बांधकाम मात्र तसेच राहिले.

गुडघ्याचा विचार करता एक सूचना अवश्य पाळावी. जुन्या पुलासमोरून 'श्लांगेनवेग' ही दगडी, नागमोडी वाट फिलोसोफेनवेग या डोंगरउतारावरच्या फिरण्याच्या रस्त्याकडे चढते. ती चढायला खडी आणि उतरायला त्याहून वाईट आहे. त्याऐवजी नॉयनहाइमच्या बाजूने डांबरी रस्त्याने चढावे. चढ तिकडेही आहे, पण पायऱ्या नाहीत. आपल्या आईंसाठी हाच टप्पा महत्त्वाचा आहे, कारण दक्षिणेला तोंड करून असलेल्या या उतारावर ऊन एवढे साठते की अंजीर, बदाम यांसारखी झाडे उघड्यावर वाढतात. आई तेथल्या छोट्या बागेत बाकावर थांबल्या आणि आपण दोघे पुढे डोंगरावर गेलात, तरी कोणाचेच नुकसान नाही. मावळतीची किरणे समोरच्या तांबड्या वालुकाश्मावर पडतात तेव्हा तो किल्ला जवळून पाहण्यापेक्षा येथूनच पाहावा, असे मला दर वेळी वाटते.

रानवाटा

नेकारकाठ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु गुडघा दुखणाऱ्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना टिंगश्टेटेच्या पायऱ्यांवरून चालवू नये. ती जागा वरून पाहिली तरी पुरेशी कळते.

गडांची हौस असेल तर नदीच्या वरच्या अंगाला जावे. हायडेलबर्गहून लोकल रेल्वेने वीसेक मिनिटांत नेकारश्टाइनाख लागते. राज्य बदलून हे गाव हेसेनमध्ये मोडते, ही एक गंमतच आहे. गावामागच्या एकाच डोंगरसोंडेवर चार किल्ले ओळीने उभे आहेत. त्यांतल्या दोन किल्ल्यांत आजही माणसे राहतात, त्यामुळे तेथे आत जाता येत नाही. उरलेल्या दोन भग्न किल्ल्यांत मोकळेपणी फिरता येते. शेवटचा शाडेक किल्ला कड्याला इतका चिकटून बांधलेला आहे की लोक त्याला 'पाकोळीचे घरटे' म्हणतात. चारही किल्ले मूळच्या एकाच सरदार घराण्याशी निगडित आहेत, आणि भाऊबंदकीत गड कसे वाढतात हे वडिलांना तेथे उभे राहून सांगता येईल.

पण माझी खरी शिफारस समोरच्या काठावरच्या डिल्सबर्गची आहे. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीच्या आत वसलेले हे चिमुकले गाव आहे. नेकारश्टाइनाखहून नदीवरच्या बंधाऱ्यावरून पायी पलीकडे जाऊन वर चढता येते, मात्र आपण नेकारगेम्युंडहून बसने वर जावे. गडाच्या आवारात ४६ मीटर खोल विहीर आहे आणि तिची कथा ऐकण्याजोगी आहे. वेढा पडला असताना या विहिरीतल्या गुप्त भुयारातून गडावर रसद येत असे, अशी गावातली आख्यायिका होती. मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला मुक्कामी होता, त्याने ती आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. पुढे ते वाचून न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या एका जर्मन वंशाच्या गृहस्थांनी १९२६ मध्ये येथे शोध घेतला, आणि सुमारे ऐंशी मीटर लांबीचा बोगदा खरोखरच सापडला. रसदीची गोष्ट मात्र टिकली नाही. विहीर अधिक खोल करताना खाली काम करणाऱ्यांना हवा मिळावी म्हणून तो खणला असावा, असे आता मानतात.

बोगदा टेकडीच्या उतारावरून सुरू होतो. आत वाकून चालावे लागते, भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात, आणि शेवटी आपण विहिरीच्या पोटातच येऊन पोहोचतो. मान वर केली की विहिरीचे तोंड ताटलीएवढे दिसते. मे महिन्यातही तेथे स्वेटर लागतो. बोगदा वर्षभर उघडा नसतो, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. मी एकदा न पाहता गेलो आणि लोखंडी दाराचे छायाचित्र घेऊन परतलो.

ओवी

चर्चेत उशिरा सामील होते आहे, पण फलटणच्या इतिहास-शिक्षकांचा उल्लेख वाचून राहवले नाही.

वडिलांना बेर्गहाइम या भागातल्या फॉसश्ट्रासेवर आवर्जून घेऊन जा. पर्यटकांच्या दृष्टीने त्या रस्त्यावर काही नाही; जुन्या दवाखान्यांच्या इमारतींचा तो परिसर आहे. तेथे २०१९ पासून विद्यापीठाच्या आशियाविषयक संस्था एकत्र आल्या आहेत, आणि त्यांत १९६२ मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्थाही आहे. याच संस्थेत ग्युंटर-डीट्झ सोंथायमर (१९३४–१९९२) हे प्राध्यापक होते. मूळचा हा माणूस कायद्याचा आणि धर्मशास्त्राचा अभ्यासक, पण महाराष्ट्रात आल्यावर तो धनगरांच्या वाड्यांवर रमला. जेजुरीचा खंडोबा, वीरचा म्हस्कोबा आणि ठिकठिकाणचे बिरोबा यांच्या यात्रांना जाऊन त्यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि मेंढपाळांच्या चराईच्या वाटा व दैवतांची ठाणी यांचा संबंध उलगडणारा मोठा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. आपण ज्याला गावची जत्रा म्हणून सोडून देतो, तिच्यात पशुपालक आणि शेतकरी यांच्या शतकानुशतकांच्या देवाणघेवाणीचा इतिहास असतो, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. नीरा नदीच्या खोऱ्यात आयुष्य काढलेल्या शिक्षकांना हे नाव बहुधा ठाऊक असेल. नसेल, तर ओळख करून देण्यास याहून योग्य जागा नाही. तेथे पाहण्यासारखी वस्तू म्हणाल तर कपाटांत लावलेली मराठी पुस्तके, एवढेच.

त्याच रस्त्यावर प्रिन्झहॉर्न संग्रह आहे, आणि तो मी आपल्या आईंसाठी सुचवते, जरी त्या कपाटांना कंटाळत असल्या तरी. हान्स प्रिन्झहॉर्न या मनोविकारतज्ज्ञाने १९१९ ते १९२१ या काळात निरनिराळ्या मनोरुग्णालयांतून रुग्णांनी काढलेली चित्रे, लिहिलेली पत्रे आणि केलेल्या वस्तू मागवून घेतल्या. नाझींनी त्यांतल्याच काही कृती 'अधःपतित कले'च्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची टवाळी करण्यासाठी मांडल्या. संग्रहात आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे एक जाकीट आहे. रुग्णालयाच्या करड्या कापडातून त्यांनी ते स्वतः शिवले आणि आतून-बाहेरून दोऱ्याने स्वतःविषयी मजकूर भरला. अक्षरे एकमेकांवर चढली आहेत, काही घामाने आणि वापराने पुसट झाली आहेत, आणि वाचता येतो तो शब्द वारंवार 'मी' असाच आहे. प्रदर्शने बदलत असल्याने ते जाकीट प्रत्येक वेळी मांडलेले असेलच असे नाही, तेव्हा आधी चौकशी करावी.

वर्णपट

मुख्य रस्ता 'उरकला' असे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे थांबवतो. त्याच रस्त्यावर 'हाउस त्सुम रीझेन' नावाची जुनी इमारत आहे आणि जवळच रोबर्ट बुन्सेनचा पुतळा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर ज्यांच्या नावाचा, तेच हे गृहस्थ. त्यांनी आणि गुस्ताफ किर्शहोफ यांनी १८५९ मध्ये येथे दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर आपल्या ठरलेल्या रंगरेषा दाखवते, आणि म्हणून ज्योतीच्या किंवा ताऱ्याच्या प्रकाशावरून त्यात काय आहे हे ओळखता येते. या पद्धतीने त्यांना लगोलग सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये सापडली.

याचा धागा भारतापर्यंत येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला वर्णपटदर्शक लावला होता, आणि त्या वर्षीच्या निरीक्षणांतून पुढे हेलियमची ओळख पटली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर उभे होते असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते, पण ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते. हे मी कोकणातल्या माणसांसमोर जपून बोलतो.

बुन्सेन यांची समाधी बेर्गफ्रीडहोफ या १८४४ साली सुरू झालेल्या डोंगरउतारावरच्या दफनभूमीत आहे. दफनभूमी म्हणून टाळू नये, कारण ती प्रत्यक्षात जुन्या वृक्षांचे उद्यानच आहे. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर, जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल बोश हेही तेथेच आहेत. एबर्ट यांचा जन्म जुन्या गावातल्या एका गल्लीत शिंप्याच्या घरी झाला होता. ते लहानसे घर आता संग्रहालय म्हणून पाहता येते. घर आणि समाधी एका दिवसात पाहिली तर फार बोलावे लागत नाही.

आणि किल्ल्याच्या मागच्या क्योनिगश्टूल डोंगरावर जायचे झाले तर १९०७ पासून चालत असलेल्या, लाकडी डब्यांच्या दोरगाडीने जावे. 'स्वर्गाची शिडी' नावाच्या बाराशेहून अधिक पायऱ्यांच्या वाटेकडे वडिलांची नजर जाऊ देऊ नये.

गोरजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'ओवी' यांचा प्रतिसाद मी फोनवर वडिलांना वाचून दाखवला. ते काही क्षण गप्प होते, मग म्हणाले, "वीरच्या यात्रेत एक गोरा माणूस धनगरांबरोबर बसलेला मी पाहिला होता, तोच असेल की दुसरा कोणी, कोणास ठाऊक." फॉसश्ट्रासे आता यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

आईसाठी श्वेत्सिंगेनच्या राजवाड्याची बाग कोणी पाहिली आहे का? आणि वाल्डॉर्फच्या अगदी जवळ काही आहे का?

नेकारकाठ

श्वेत्सिंगेनला निःशंक जावे. कार्ल थिओडोर या संस्थानिकाच्या उन्हाळी निवासाची ती बाग आहे. पुढचा भाग फ्रेंच धर्तीवर कंपासने आखल्यासारखा आहे, आणि मागे गेल्यावर वाटा सैल होत जातात. एका कोपऱ्यात दोन मिनारांची मशीद आहे. ती नमाजासाठी बांधलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस निकोला द पिगाज या वास्तुरचनाकाराने बागेची शोभा म्हणून ती उभी केली, आणि आतल्या भिंतींवर अरबी वचने जर्मन भाषांतरासह कोरली. मे महिन्यात गावात पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो आणि तो २४ जूनला संपतो. आपल्याकडची शतावरी औषधात जाते, इथे तिच्याच कुळातल्या या शतावरीची ताटभर भाजी खातात, हे आईंना सांगावे. चव मला स्वतःला बेताची वाटते.

आपल्या दारातले ठिकाण म्हणजे वीसलोख. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ या बाई मोटार बनवणाऱ्या आपल्या नवऱ्याला, कार्ल बेन्झला, न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन निघाल्या. वाटेत इंधन संपले तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन विकत घेतले. म्हणून ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप समजले जाते. बेन्झ दांपत्याचे उत्तरायुष्य लाडेनबुर्गला गेले. तेथे रोमन शहराचे अवशेष, लाकडी सांगाड्याची घरे आणि मोटारींचे संग्रहालय हे सारे सपाट जमिनीवर, चालण्याच्या अंतरात आहे, आणि गुडघ्याला विश्रांती हवी असेल त्या दिवसासाठी ते उत्तम.

गोरजवेळ

काल आई-वडिलांना निरोप दिला, म्हणून हिशोब देतो. हायलिगेनबर्ग, डिल्सबर्ग, फॉसश्ट्रासे, श्वेत्सिंगेन आणि लाडेनबुर्ग झाले. जाकीट मांडलेले नव्हते, तरी आई तेथे दीड तास होती. शतावरीबद्दल तिचे मत 'नेकारकाठ' यांच्यापेक्षा कडक आहे.

डिल्सबर्गच्या बोगद्यात वडील विहिरीपर्यंत गेले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी वहीत ४६ मीटर असे लिहिले, शेजारी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर असे लिहिले, आणि तिचा जिना कसा प्रशस्त आहे, मोटा कुठे लागत, राजवाड्यासारखी खोली कुठे आहे हे तिकीट देणाऱ्या बाईंना खुणांनी समजावून सांगितले. मला भाषांतर करू दिले नाही. बाईंनी त्यांना कागद-पेन्सिल दिली, त्यांनी नकाशा काढला, आणि तो कागद बाईंनी ठेवून घेतला.

एक चौकशी राहिली आहे. हायडेलबर्गच्या आग्नेयेला माउअर नावाचे गाव आहे, तेथे १९०७ मध्ये वाळूच्या खाणीत सुमारे सहा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाचा जबडा सापडला, असे वडिलांनी विमानतळावर जाताना वाचून दाखवले. ती खाण आज पाहता येते का, आणि रेल्वे स्थानकापासून रस्ता कितपत चढाचा आहे, हे कोणी सांगू शकेल काय? पुढच्या मे महिन्याचे त्यांनी आताच ठरवून ठेवले आहे.